दहाची घोळसभा

सकाळी दहाला धुलाईघरातली मशीनं बंद व्हायची आणि माणसं हसायला बसायची. ऐकणाऱ्याला थाप वाटेल, पण तीन वर्षं हे असंच चाललं होतं. दोन इस्पितळांच्या चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे हिरवे झगे, सगळं मळकं इथे यायचं आणि कडक घड्या होऊन परत जायचं. वाफ, साबणाचा वास आणि दिवसभर कानात घरघर. अशा जागी हसायला सुचतं कोणाला? पण ताईने ते सुचवलं होतं आणि त्याचा तिला अभिमान होता. थोडाथोडका नाही, चांगला ट्रॉलीभर.

तिला सगळेच ताई म्हणायचे, साठीला टेकलेल्या मावशीसुद्धा. तिच्या आधी हे धुलाईघर तिचा थोरला भाऊ चालवायचा. दादाचा आवाज असा, की पाचही ड्रायर चालू असताना तो ओरडला तर ड्रायरच बंद पडल्यासारखे वाटायचे. ताईने त्याच्या हाताखाली कोपऱ्यातल्या टेबलावर बसून अकरा वर्षं तो आवाज खाल्ला. मग दादाच्या रक्तदाबाने हात टेकले, डॉक्टर म्हणाले, एक तर आवाज ठेवा नाहीतर जीव. दादा घरी बसला आणि ताईने पहिल्याच दिवशी सगळ्यांना बोलावून सांगितलं, "आजपासून इथे कोणी कोणावर ओरडणार नाही. चुका सगळ्यांकडून होतात. ज्याच्याकडून होईल त्याने सांगायचं, बाकीच्यांनी निस्तरायला हात लावायचा. शिक्षा नाही."

नुसतं सांगून लोक बोलत नसतात हे तिलाही कळत होतं. म्हणून मग घोळसभा. दहाच्या चहाला ज्याने त्याने आपला घोळ सांगायचा. ज्याच्या घोळाला जास्त टाळ्या, त्याच्या डोक्यावर उशीच्या अभ्र्याची टोपी आणि दिवसभर खिडकीजवळची गार जागा.

त्या बुधवारी टोपी इस्त्रीवाल्या काकांना मिळाली. त्यांनी रोलरच्या इस्त्रीत चादरीबरोबर स्वतःचा डबा बांधायचा रुमाल घातला, आणि वर चादरीला डाग कशाचा पडला म्हणून अर्धा तास शोध घेतला. "नाकाखालचं दिसत नाही आणि निघाले डाग शोधायला!" ड्रायरवाला ओरडला. त्याला सगळे गवई म्हणायचे, कारण तो मशीनच्या सुरात सूर मिसळून गायचा आणि मशीन बरं गायचं. सगळे खो खो हसले. ताईही हसली. मग तिने कप खाली ठेवला.

"एक विचारायचंय. जवळच्या इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डातून सिस्टरचा फोन होता. एका आजींचं कानातलं मशीन सोमवारपासून सापडत नाहीये. चादरीबरोबर आलं असेल का इकडे? आजींना त्याच्याशिवाय ढिम्म ऐकू येत नाही. रोज संध्याकाळी नात फोन करते, तेवढाच त्यांचा दिवस. कोणाला काही दिसलं?"

सगळ्यांनी माना हलवल्या. मावशींनी हलवली, गवयाने हलवली. मावशी निवडीच्या खोलीत असायच्या. मळका कपडा मशीनमध्ये जाण्याआधी त्यांच्या टेबलावरून जायचा. घडीत अडकलेले चष्मे, कवळ्या, अंगठ्या असं काय काय त्यांनी आजवर काढून परत पाठवलं होतं. त्या नाही म्हणाल्या म्हणजे नाहीच.

ताईने लगेच फोन लावला. "नाही हो सिस्टर, आमच्याकडे नाही आलं. आणि आलं असतं ना, तर दहा वाजता मला कळलं असतं. आमच्याकडे लपवालपवी चालतच नाही." हे शेवटचं वाक्य बोलायची काही गरज नव्हती. पण अभिमान माणसाला गप्प बसू देतो का!

दुपारी दोन नंबरचा ड्रायर धापा टाकायला लागला. गवई जेवायला गेला होता. जाळीत कापसाचे तंतू साठले असतील म्हणून ताईनेच बाह्या सरसावल्या आणि जाळी ओढून काढली. तंतूंचा गठ्ठा निघाला. त्याच्या मागे, पत्र्याच्या खोबणीत, गाठ मारलेला रबरी हातमोजा होता. तिने गाठ सोडली. आत ते कानातलं मशीन होतं, एका बाजूने वितळलेलं, नळी चिकटून गेलेली.

नुसतं मशीन सापडलं असतं तर ताई म्हणाली असती, अरेरे, कोणाच्या नजरेतून सुटलं. पण हातमोजा आपणहून गाठ मारून घेत नाही. कोणाला तरी ते सापडलं होतं. त्याने ते बांधलं होतं, खोचलं होतं आणि सकाळी तिच्या समोर बसून रुमालाच्या गोष्टीवर टाळ्या वाजवल्या होत्या.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिथेच ओरडून सगळ्यांना गोळा करावं असं तिला वाटलं. पण ओरडायचं नाही हा नियम कोणाचा? तिचाच. मग तिने काय करावं? तो हातमोजा उचलला, आपल्या टेबलाच्या खणात ठेवला आणि किल्ली फिरवली. सिस्टरला फोन केला नाही. उद्या दहाला कोणीतरी सांगेल, स्वतःहून सांगेल, मग करू फोन, असं तिने स्वतःला समजावलं. खरं सांगायचं तर सकाळचं ते वाक्य तिच्या घशात अडकलं होतं.

त्या दुपारपासून तिच्या पायाला भिंगरी लागली. टेबलावर बसली की उठायची, उठली की निवडीच्या खोलीपर्यंत जायची, दारातून परत फिरायची. काका घड्या घालताना खाली बघताहेत, ते का? गवई आज गात नाही, तो का? ट्रॉली ढकलणाऱ्या दोघी कुजबुजताहेत, त्या कशाबद्दल? ज्यांच्या पोरांचे वाढदिवस तिला पाठ होते, त्यांच्या हातांकडे ती चोराचे हात बघावेत तशी बघत होती. आणि त्याची तिला स्वतःचीच किळस येत होती.

गुरुवारी दहाला ती सगळ्यांच्या आधी येऊन बसली. "आज लहानसहान नको," ती शक्य तितक्या हलक्या आवाजात म्हणाली. "काही मोठं असेल तर सांगा. काही म्हणजे काहीही. मी कोणाला काही म्हणणार नाही, तुम्हाला माहीतच आहे."

एका ट्रॉलीवालीने घसा साफ केला आणि आपण चुकून दोन्ही पायांत डावेच बूट घालून कसे आलो ते सांगितलं. सगळे हसले. ताईने पहिल्यांदाच ते हसणं नीट ऐकलं. सगळे एकदम सुरू झाले होते आणि एकदम थांबले होते.

चहानंतर ती नळाखाली कप विसळत होती. भिंतीपलीकडून गवयाचा आवाज आला. "उद्या कोणाची पाळी?"

"काकांची झाली, हिची झाली. उद्या तुझी," दुसरी ट्रॉलीवाली म्हणाली. "काहीतरी शोधून ठेव. आणि मांजराचं नको, ते गेल्या वर्षी सांगून झालंय."

ताई जागच्या जागी उभी राहिली. नळ वाहत होता तो बंद करायचंही तिला सुचलं नाही. घोळांच्या पाळ्या लावल्या होत्या! तीन वर्षं ती ज्याला मन मोकळं करणं समजत होती, ते लोक घरून तयार करून आणत होते, शाळेतल्या पोरांनी भाषण पाठ करून आणावं तसं.

चारला सिस्टरचा फोन आला. "तुमच्याकडे नाही म्हणालात म्हणून आम्ही इकडे चौकशी केली. सोमवारी त्या खाटेवरची चादर ज्या आयाने बदलली, तिला घरी बसवलंय. उद्या दुपारी बारा वाजता मोठ्या सिस्टर ठरवतील, ठेवायचं की काढायचं."

खण तिच्या गुडघ्याला टेकलेला होता. किल्ली कमरेला होती. ताई म्हणाली, "अच्छा." आणि फोन ठेवला. आपण हे काय केलं हे कळायला तिला दोन मिनिटं लागली.

संध्याकाळी ती दादाकडे गेली. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि तो पोट धरून हसला. "माझ्या वेळी असलं काही नव्हतं बाई. सापडला की धुतला."

"म्हणूनच सगळे तुला घाबरायचे."

"घाबरायचे ना. पण मला बघून पाळ्या नाही लावायचे."

ती चहा न घेताच उठली. वहिनी मागून हाका मारत राहिली.

शुक्रवारी सकाळी कामाला सुरुवात होते न होते तोच ताई खण उघडून निघाली. दहाची वाट बघण्यात अर्थ नव्हता, आणि बारा तर डोक्यावर होते. निवडीच्या खोलीत मावशी एकट्याच होत्या, समोर चादरींचा डोंगर. ताईने तो हातमोजा त्यांच्या टेबलावर ठेवला. असले रबरी हातमोजे ह्याच खोलीत वापरायचे.

मावशींचे हात थांबले. त्यांनी मान वर केली नाही.

"मावशी, तुम्ही?"

"मीच." त्या म्हणाल्या. "सोमवारी शेवटची गाडी उशिरा आली. पाठ मोडली होती माझी, घडी न उलगडता तशीच पुढे ढकलली. ड्रायरमध्ये खडखडलं तेव्हा गवयाने काढलं आणि माझ्याकडे घेऊन आला. सांगायला निघाला होता तो. मीच म्हटलं, गप्प बस, आणि माझ्या हातमोज्यात बांधून जाळीमागे खोचलं. त्याला काही बोलू नका."

"पण का? मी काय ओरडले असते? कधी ओरडलेय मी?"

"नाही ना."

"मग?"

मावशींनी हातमोजे काढले, एकेक करून, सावकाश. "लंबू आठवतो?"

लंबू आठवत होता. पहिल्या वर्षी इस्त्रीवर होता. त्याच्या हातून शस्त्रक्रियेच्या झग्यांचा अख्खा गठ्ठा जळला होता. त्याने स्वतः येऊन सांगितलं होतं आणि ताईने त्याला एका शब्दाने दुखावलं नव्हतं. ही गोष्ट ती अजूनही लोकांना सांगायची. "त्याला मी 'ठीक आहे' म्हटलं होतं," ती म्हणाली. "एवढंच."

"एवढंच. आणि मग बावीस दिवस त्याच्याशी बोलला नाहीत."

"बोलत होते मी!"

"'हो.' 'नाही.' 'ठेव तिकडे.' मोजलेत आम्ही, ताई. तो दारातून आला की तुम्ही कागदात डोकं घालायचात. चहा सगळ्यांना विचारायचात, त्याच्यासमोर नुसता कप ठेवायचात. पोरगा डबा घेऊन जिन्यात बसून खायला लागला. तेविसाव्या दिवशी आलाच नाही. तुम्ही म्हणालात, त्याला दुसरीकडे चांगलं काम मिळालं असेल."

ताईला खरंच तसं वाटलं होतं. तीन वर्षं वाटत होतं.

"तुमचे दादा ओरडायचे," मावशी म्हणाल्या, "ते चांगलं होतं असं मी नाही म्हणत. एकदा मला भरल्या लोकांत असं बोलले की आठवडाभर जेवण गेलं नाही. पण त्यांचं संपायचं. ओरडले, लाल झाले, पाच मिनिटांनी स्वतःच विचारायचे, मावशी, पाठ कशी आहे. तुमचं संपत नाही. माझी दोन वर्षं राहिलीत इथली. मला ती जिन्यात बसून काढायची नव्हती."

एवढं केलं ह्यांच्यासाठी, ताईच्या मनात आलं, आणि हे माझे दिवस मोजत बसले! सांगितलं का नाही मला तेव्हाच? पण तिचे ओठ मिटले, मान आपोआप खिडकीकडे वळली.

"बघा," मावशी हळूच म्हणाल्या. "हेच."

ताईने मान परत वळवली. ती वळवायला इतकं बळ लागेल असं तिला वाटलं नव्हतं.

"चपला घाला मावशी," ती म्हणाली. "इस्पितळात जायचंय. आणि ऐका, माझ्या खणात ते बुधवारपासून पडून होतं. तुम्ही दोन दिवस लपवलंत, मी पण दोन दिवस लपवलं. कालपासून तर एका बाईची नोकरी टांगणीला लागलीय हे माहीत असून लपवलं."

"अगं बाई," मावशी म्हणाल्या, "मग तर तुमचा घोळ माझ्याहून मोठा."

सिस्टरच्या टेबलासमोर पोचल्या तेव्हा दहा वाजत आले होते. ताईने हातमोजा पुढे केला आणि सगळं सांगितलं, सुरुवातीपासून, स्वतःच्या खणासकट. नवीन मशीन आम्ही करून देतो, आठ दिवस लागतील, हेही सांगितलं. सिस्टरनी ऐकलं. वहीत लिहिलं. टोपण बंद केलं. "ठीक आहे," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या माणसाकडे बघायला लागल्या.

ताई उभीच राहिली. आता काहीतरी बोलतील, शिव्या घालतील, निदान बघतील तरी. सिस्टरनी बघितलं नाही. दोन मिनिटं ती तिथे भिंतीच्या कॅलेंडरसारखी लटकून होती, आणि ती दोन मिनिटं संपता संपेनात. लंबूने असे बावीस दिवस काढले होते. तिला तिथेच रडू फुटलं, आणि ते लपवायला रुमालही नव्हता.

आयाने मात्र काही बाकी ठेवलं नाही. ती बाराच्या निकालासाठी सकाळपासूनच येऊन बाहेरच्या बाकावर बसली होती. हकीकत कळल्यावर तिने दोघींना सगळ्या वॉर्डासमोर उभं आडवं घेतलं. "दोन दिवस मला नवऱ्याला तोंड दाखवता येईना! लेकीने विचारलं, आई, तू चोरी केलीस का! तुमच्या त्या चादरी घाला चुलीत!" ताईने सगळं खाली मान घालून ऐकलं. बोलून बोलून आया दमली, घोटभर पाणी प्यायली आणि मावशींच्या हातांकडे बघून म्हणाली, "साबणाने काय सालं निघालीत हो तुमची. तेल लावत जा." मग ती उठून आजींच्या खाटेकडे गेली. नातीचा फोन येईल तेव्हा ती काय म्हणते ते मोठ्या अक्षरात लिहून दाखवायचं काम तिने आठ दिवसांसाठी आपल्याकडेच घेतलं.

शनिवारी दहाला ताईने सगळ्यांना सगळं सांगितलं. पाळ्यांचं कळलंय हेही सांगितलं. कोणी हसलं नाही. टोपी कोणी कोणाला दिली नाही. पुढचे चार दिवस घोळसभेत फक्त चहा प्यायला गेला, आणि ताईला वाटत राहिलं, गेलं, होतं नव्हतं तेही गेलं. लंबूचा पत्ता मिळवून तिने त्याला पत्र टाकलं, त्याचंही उत्तर आलं नाही. ती सारखी घड्याळ बघायची, सारखी दाराशी जाऊन यायची.

गुरुवारी अकराच्या सुमाराला गवई तिच्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. चेहरा चादरीसारखा पांढरा. हातात मात्र चादर होती ती गुलाबी.

"ताई. मुलांच्या वॉर्डाच्या सगळ्या. लाल पडदा होता मध्ये, मी बघितलाच नाही. दोनशे दहा चादरी."

दोनशे दहा. आणि गाडी दीडला निघायची. ताईला आतून ते येताना कळलं. ओठ मिटायला लागले, 'ठीक आहे' जिभेच्या टोकावर येऊन बसलं आणि मान खिडकीकडे निघाली. गवयाने ते बघितलं. त्याचे खांदे पडले.

आणि ताई ओरडली.

"डोळे काय घरी ठेवून येतोस का रे!" आवाज फाटला, तिला सवयच नव्हती. "लाल पडदा! रुमाल नाही, पडदा! अख्खा! हत्ती गेला असता तरी दिसला नसता तुला! दोनशे दहा चादरी, दीडला गाडी, आता काय मुलांना गुलाबी ढगात झोपवायचं? आणि गातोस वर! आणि... आणि..." तिला पुढचं काही सापडेना. "आणि तुझे बूट किती घाण आहेत!"

रोलर थांबले. काका घडी हातात घेऊन बघत राहिले. ट्रॉलीवाल्या दोघी दारात आल्या. गवयाने खाली आपल्या बुटांकडे बघितलं. मग कोणाला तरी फस्सकन हसू आलं, ते दाबता दाबता दुसऱ्याला लागलं, आणि हे हसणं काही एकदम सुरू झालं नाही. तुकड्या तुकड्याने आलं, कोणाचं आधी, कोणाचं नंतर, काकांचं तर सगळे थांबल्यावर.

निवडीच्या खोलीच्या दारातून मावशींनी डोकं बाहेर काढलं. "संपलं का?"

खरंच संपलंय का ते ताईने आत बघून घेतलं.

"संपलं," ती म्हणाली. "चला, गरम पाणी लावा, रंग उडवायची पावडर काढा. काका, तुम्ही राखीव चादरींच्या घड्या मोजा, पहिल्या गाडीत त्या जातील. मी वॉर्डाला फोन करते, काय झालं ते सांगते."

सगळे कामाला लागले. तिने फोन उचलला. गवई तिथेच उभा होता.

"आता काय?" ती म्हणाली.

त्याने गुलाबी चादर एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"ताई, अजून एक आहे," तो म्हणाला. "मार्चमधलं."